घोडीचं दुसरं रक्त

मी एकदा घोडीचं डोहाळजेवण घातलं. गल्लीतल्या बायका बोलावल्या, पुरणाचा घाट घातला, घोडीच्या पाठीवर हिरवं कापड टाकलं आणि तांदूळ, खण, नारळ पुढ्यात ठेवून रीतसर ओटी भरली. घोडी रिकामी होती. तिच्या पोटात त्या दिवशी हरभऱ्याशिवाय काही नव्हतं.

हे आता मी हसत सांगते, कारण तेव्हाची मी आणि आताची मी यांच्यात बरेच उन्हाळे गेलेत. ती बाई आज समोरून आली तर मी तिला लांबूनच ओळखीन आणि रस्ता सोडून बांधानं जाईन. चाळिशी उलटलेली, लेक उजवून मोकळी झालेली, सातवीपर्यंत शिकलेली, आणि तेवढ्यावर घरात सगळ्यात शहाणी मीच, असं मानून चालणारी. अंगात दम होता. तो दम कुठं घालवला, ते पुढं येईलच.

आमचं घर जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत. रान कोरडवाहू, पोटापुरतं. खरं घर चालायचं ते वरातीच्या दोन घोड्यांवर. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. नळदुर्गापासून लोहाऱ्यापर्यंतचे कितीतरी नवरदेव आमच्या थोरल्या पांढऱ्या घोडीवर बसून मारुतीला गेले. बसताना थरथरणारे, दारू पिऊन आलेले, एक तर भीतीनं घोडीच्या मानेला मिठी मारून रडलेला. तिनं कुणाला पाडलं नाही. रोज सकाळी तिला खरारा मी करायची. नवरा लगाम धरणारा, मी अंग घासणारी. त्यामुळं घोडी माझी आहे असं मला वाटायचं आणि घोडीलाही वाटत असावं.

पण तिचे पुढचे गुडघे सुजायला लागले. डीजेचा टेम्पो पुढं धडधडायला लागला की ती उभ्या जागी थरथरायची. नवऱ्यानं एका लग्नसराईनंतर तिचे पाय चाचपले आणि सांगितलं, "आता जत्रंला न्यायची हिला."

जत्रेत म्हाताऱ्या घोडीला कोण घेतं ते मला ठाऊक होतं. वीटभट्टीवाला घेतो, नाहीतर ओझ्याच्या गाडीवाला.

मी म्हणाले, "एक शिंगरू घेऊ की तिच्याकडनं. पांढरं निघालं तर तुमचाच फायदा हाय."

त्यानं तंबाखू मळून गालात धरली. मग म्हणाला, "शिंगरू देत आसंल तर र्‍हाऊ दे. न्हाय तर जत्रा."

एवढाच करार. त्याच्यावर घोडीचा जीव टांगलेला, आणि तो टांगणारी मी.

फाल्गुनात तिला लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याच्या घोड्याला दाखवायला न्यायचं ठरलं. मीही निघाले. असल्या कामाला आमच्याकडं बायका जात नाहीत. सासू ओट्यावर बसली होती. सासूला आम्ही आत्या म्हणतो. तिचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं राग आला की कानडी आणि चेष्टा करायची असली की मराठी. तिनं मला चप्पल घालताना बघितलं.

"तू कुठं निघायलीस?"

"घोडीसंगं."

"का गं, तुला बी दाखवायचंय का घोड्याला?"

नवरा खाली बघून हसला. मी तरीही गेले.

पुढं घोडी परत माजावर आली नाही. आत्यानं तिची परीक्षा घेतली. तिच्या माहेरची रीत अशी, की घोडीच्या कानात थेंबभर पाणी टाकायचं. नुसतं डोकं झाडलं तर गाभण, सगळं अंग झाडलं तर रिकामी. आमच्या घोडीनं डोकंही झाडलं नाही आणि अंगही नाही. तिनं आत्याच्या पदराला कान पुसला. आत्या म्हणाली, "ही तुज्यावानीच हाय. इचारल्यालं सोडून दुसरंच करती."

मग तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. पोरगी वयानं माझ्या लेकीएवढी, स्कूटीवर यायची, हेल्मेट काढलं की पहिलं पाणी मागायची. हात घालून तपासायला घोडीला खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत, उभी करावी लागते. घोडीनं लाथ मारून खोड्याचं आडवं लाकूडच उडवलं. सोनोग्राफीचं मशीन आमच्या भागात तेव्हा घोडीसाठी कुठलं.

बाई म्हणाल्या, "राहू द्या मावशी. हिची मर्जी नाही. आपण रक्त पाठवू."

मानेच्या शिरेत सुई गेली तेव्हा घोडीनं नुसती शेपूट हलवली. डोळे मी मिटून घेतले. रक्त काचेच्या नळीत उभं करून ठेवलं. थोड्या वेळानं ते साकळून खाली बसलं आणि वर मधासारखं पिवळं पाणी राहिलं. बाईंनी ते पाणी छोट्या बाटलीत काढलं, बर्फ घालून थर्माकोलच्या डब्यात ठेवलं आणि डबा माझ्या हातात दिला. नळदुर्गाहून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडं तो सोपवायचा होता, पुढं प्रयोगशाळेचा माणूस उतरवून घेणार होता.

वडापच्या जीपमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं त्यात? मासळी?"

"घोडीचं प्वाट."

ती जळकोटापासून नळदुर्गापर्यंत माझ्यापासून हातभर सरकून बसली.

पुढच्या आठवड्यात बाई कागद छापून घेऊन आल्या. कागद इंग्रजीत. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"आलंय मावशी. हो म्हणतायत."

मी कागदाला हात जोडले. नवऱ्यानं कागद उलटा धरून बघितला, सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बरं. र्‍हाऊ दे मग."

बाई पुढं बोलत होत्या. त्या काय बोलल्या ते मला आज शब्दाला शब्द सांगता येतं, कारण नंतर ते मी मनात फार वेळा ऐकलं. त्या म्हणाल्या, "एक नीट ऐका. घोडी गाभण राहिली की दीड-दोन महिन्यांत तिच्या पिशवीत आतनं बारक्या बारक्या वाट्यांसारखं काहीतरी तयार होतं. त्या वाट्या रक्तात एक द्रव्य सोडतात. या तपासणीत ते सापडलंय. पण एकदा वाट्या बसल्या की नंतर गर्भ गेला तरी त्या काही दिवस आपलं काम करत राहतात. त्यांना माहीतच नसतं. म्हणून हा कागद म्हणजे अर्धं उत्तर. चार महिने होऊन गेले की दुसरं रक्त घेऊ. त्यात वेगळं द्रव्य बघतात, ते जिवंत शिंगराशिवाय वाढतच नाही. ते आलं की मग पेढे वाटा."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं यायचं. मी 'हो' एवढंच ऐकलं होतं.

तुळजापूरला देवीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्याच्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. माझ्या आईचा नियम होता, एका कामासाठी एकदाच हात ठेवायचा. उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे देवीला खोटं पाडणं. मी तो कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की दगड उजवीकडं फिरलाय. आता पुन्हा हात ठेवायचा नाही.

आईच्या नियमाचं मी निमित्त केलं होतं. खरं कारण भीती. दुसऱ्या रक्तानं 'नाही' म्हटलं तर घोडी जत्रेला जाणार. विचारलंच नाही तर 'होय' राहणार. काय हुशारी होती बाईची. जणू मी विचारलं नाही म्हणून घोडीच्या पोटात काहीतरी वाढणार होतं.

आषाढात डॉक्टरबाई दुसरं रक्त घ्यायला आल्या. मी सांगितलं, घोडी नाल मारायला नेलीय. पुन्हा आल्या, मी म्हटलं, पाहुण्यांच्या लग्नाला गेलीय. आषाढात कुठली लग्नं, पण बाई शहरातल्या, त्यांच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. तिसऱ्या खेपेला मी दारातच आडवी उभी राहिले.

"घोडी न्हाय मॅडम घरात."

तेवढ्यात मागच्या शेडातनं घोडी खिंकाळली. चांगली लांब, दोनदा.

बाईंनी हेल्मेट काढलं. "मग आत कोण आहे?"

"आमच्या आत्या हायत. खोकायल्यात."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, हसू आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या परत देताना म्हणाल्या, "मावशी, मी सुई टोचून काही काढून नेणार नाही हो. आत जे आहे तेच कळणार."

"जे हाय ते कळलंय की."

"अर्धं कळलंय."

"आमाला अर्ध्यात भागतंय."

त्या गेल्या. जाताना सांगून गेल्या की केव्हाही बोलवा, मी येते. आत्या आतनं सगळं ऐकत होती. संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं ताट बाजूला सारलं.

"मला घोडी केलीस व्हय गं?"

मी म्हटलं, "वेळ मारून न्यायची होती, आत्या."

"घोडीची चंदी घाल मग. भाकरी कशाला?"

कार्तिकात घोडीचं पोट चांगलं दिसायला लागलं. दिसणारच. लग्नकाम बंद, फिरणं बंद, आणि मी घरातला हरभरा, गूळ, भरडा तिच्यापुढं ओतत होते. बायका म्हणायल्या, "नववा लागायच्या आत डोहाळजेवण कर की." त्या चेष्टेनं म्हणाल्या, मी खऱ्यानं धरलं.

त्या दिवशी मी माझं हिरवं जुनं लुगडं फाडून घोडीच्या पाठीवर झूल केली. गळ्यात झेंडूचा हार घातला. कुणीतरी म्हणालं, पेढा की बर्फी करू. डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घालतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आम्ही घोडीपुढं टोपली उपडी घालून तिच्यावर दोन वाट्या मांडल्या. घोडीनं नाकानं दोन्ही उलथल्या, पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली, वाट्या चाटून लख्ख केल्या आणि गळ्यातला हारही अर्धा खाल्ला.

"जुळं हाय," शेजारीण म्हणाली.

"बाळंतपणाला म्हायेरी धाडायची का?" दुसरी.

"म्हायेर कुठलं हिचं? ह्या बाईच्या वटीत आलीया, हितंच करतील."

मी सगळ्यांबरोबर हसले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती हसली नाही. पुरणपोळी मात्र तिनं दोन खाल्ल्या.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत, कारण ते सगळे सारखेच होते. धाकटी घोडी एकटी सगळी लग्नं करायची. नवरा तिला घेऊन पहाटे निघायचा आणि दिवस बुडता बुडता धुळीनं पांढरा होऊन यायचा. दोघंही लंगडत. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, घागरी मी खांद्यावरनं आणायची. चारा मी आणायची. शेण मी काढायची. थोरलीला अंगाखाली मऊ पाचट मी घालायची. कमरेत तेव्हा जी कळ भरली ती आजपर्यंत गेली नाही. थंडीत सकाळी उठताना ती मला विचारते, कुणासाठी गं एवढं, आणि मी तिला गप्प करते.

माघात घोडी व्यायला हवी होती. व्यायच्या आधी घोडीची कास भरते, सडांना मेणासारखे थेंब धरतात. आत्या रोज सकाळी काठी टेकत शेडात जायची, घोडीच्या कासेला हात लावायची आणि पदराला हात पुसून परत यायची. मी विचारायची नाही. तीही सांगायची नाही. माघ गेला. फाल्गुन लागला. घोडीची कास वाळल्या वांग्यासारखी तशीच.

एका दुपारी आत्या परत येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "इल्ला."

कानडीत इल्ला म्हणजे नाही. तेवढं तर मला येत होतं.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या आल्या, मागचं काही बोलल्या नाहीत. खोडा दुरुस्त केला होता. या खेपेला घोडी आपणहून आत गेली, मान खाली घालून उभी राहिली. तीही दमली असावी. बाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला, आणि बराच वेळ एका जागी बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. नवरा दावं धरून उभा होता.

"रिकामी आहे, मावशी."

नवऱ्यानं विचारलं, "कवा गेलं?"

"पहिलं रक्त घेतलं त्याच्या आगेमागे कधीतरी. एवढासा गर्भ असतो, शेणात-मुतात कुणाला दिसतही नाही. वाट्या तेवढ्या काम करत होत्या."

"म्हंजी कागद खोटा व्हता?"

"कागद खरा होता. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं." मग त्या हातमोजा काढत माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आषाढात दुसरं रक्त घेतलं असतं तर श्रावणात परत घोड्याला दाखवता आली असती. पाऊसकाळ हाताशी होता."

त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

नवरा ओरडला असता तर मीही ओरडले असते, मग भांडण झालं असतं, भाकरी उशिरा झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. तो गप्प राहून धाकटीला पाणी पाजायला गेला. त्याच्या गप्प बसण्यानं मला जेवढं थकवलं तेवढं सबंध वर्षाच्या घागरींनी थकवलं नव्हतं. मी हिरव्या लुगड्याची झूल धुऊन वाळत घातली. शेजारणीनं कुंपणावरनं विचारलं, "बाळंतविडा आणू का गं?" मी म्हटलं, "आण. मलाच घाल."

चैत्रात जत्रा भरली. निघायच्या सकाळी नवऱ्यानं थोरलीला स्वतः खरारा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चुलीपुढं बसून बघत होते. मग तो हातपाय धुऊन आत आला, देव्हाऱ्यापुढं थांबला, हळदीनं पिवळा झालेला, तारीखसुद्धा पुसून गेलेला तो कागद उचलला, घडी उलगडून बघितली आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

मला कळलं. गाभण घोडी म्हणून दाखवली तर कुणीतरी शेतकरी घेईल, वीटभट्टीवाला नाही. पाच-सहा महिने तरी तिला कुणी ओझं लावणार नाही, चारतील, जपतील. पुढं उघडं पडेल तेव्हा पडेल. मी त्याला अडवायला हवं होतं. मी भाकरी थापत राहिले. मनात म्हणत होते, दाखवा, दाखवा एकदाचा. जो कागद मला वर्षभर पुरला तो दुसऱ्याला सहा महिने पुरेल. एवढी मी खाली आले होते. आत्या दारात बसून तंबाखू चोळत होती. तिनं त्याच्या खिशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड दुसरीकडं केलं.

टेम्पोत चढताना घोडीनं मागं वळून बघितलं, असं मी पुढं बरेच दिवस सांगायची. खोटं आहे. टेम्पोत चारा टाकलेला होता, तिचं तोंड चाऱ्यात होतं.

जत्रा उठली त्या दिवशी दुपारी मी हौदाशी भांडी घासत होते. फाट्याकडनं वाटेवर पांढरं काहीतरी हलत येताना दिसलं. टेम्पो नव्हता. नवरा चालत येत होता आणि त्याच्या मागं, दावं ढिलं सोडलेली, थोरली. दोघं एकाच चालीनं, एकाच पायानं लंगडत. मी राखेच्या हातानं उठून उभी राहिले.

"गिऱ्हाईक न्हाय का मिळालं?"

त्यानं घोडीला खुंट्याला बांधलं. टोपी काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, सीमेकडचा एक माणूस होता, हात चांगला लावला त्यानं घोडीला, दात बघितले, पाय बघितले, आणि सरळ विचारलं, गाभण हाय का? एवढं सांगून त्यानं खिशात हात घातला, हळदीचा कागद काढून माझ्या राखेच्या हातावर ठेवला.

"दावला आसता तर गेली आसती. पर ह्या कागदावर आपल्या घरची येक शानी बाई सालभर फसली, दुसऱ्याच्या घरची आनि कशाला फसवू. जा, पानी आन तिला. फाट्यापासनं चालत आलीया."